बोला

गिरगावातल्या एका चाळीत, दुसऱ्या मजल्यावर, व्हायोलिनच्या बोचे केस बदलून देणारे एक काका बसतात. नाव सांगत नाही. हा मजकूर त्यांनी वाचला तर माझा पुढचा बो मला दिवाळीनंतरही मिळायचा नाही. तसे ते एकटे नाहीतच. घड्याळं उघडून बसणारे, शाईच्या पेनांच्या निबा घासून देणारे, पेटीचे सूर लावणारे, सगळे याच गोत्राचे. वस्तूवर अपार माया आणि तिच्या मालकाबद्दल खोल संशय.

दारात कुणी उभं राहिलं की काका मान वर न करता म्हणतात, "बोला."

पहिल्या खेपेला मी म्हटलं, "बोलाच केस बसवायचेत."

हा विनोद ते तीस-चाळीस वर्षं ऐकत असावेत. त्यांनी नुसता हात पुढे केला. तोही माझ्यासाठी नाही, बोसाठी.

ज्योतिषी हात बघतात तसे काका बो बघतात, पण भविष्याच्या भानगडीत पडत नाहीत. माझ्या आधी एक सद्गृहस्थ बसले होते. त्यांचा बो उजेडात धरून काका म्हणाले, "मुठीजवळ केस काळे पडलेत, म्हणजे बोटं लावता. हाताचं तेल लागलं की तिथे रोझिन धरत नाही. आणि झीज सगळी मधल्या चार इंचांत. अहो, पाऊण मीटरचा बो आहे. पैसे पूर्ण भरलेत ना? मग पूर्ण वापरा की!" सद्गृहस्थ पन्नाशीचे, कुठल्याशा बँकेत मोठे साहेब असावेत. गृहपाठ न केलेल्या मुलासारखे खाली बघत होते.

हे काम काकांनी एका गोवेकर बुजुर्गाकडून उचललं. हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डिंगला डझनांनी व्हायोलिनं लागत आणि त्यांतली पुष्कळशी गोवेकरांच्या खांद्यावर असत, तो काळ. रोज वाजवणाऱ्याला सहा महिने-वर्षाला केस बदलावे लागतात, तेव्हा काम कधी संपत नसे. पुढे कीबोर्ड आला. "त्याला केस नसतात," काका एवढंच म्हणतात. त्यापुढचं गिऱ्हाइकानं आपलं आपण समजून घ्यायचं.

गाण्यातलं त्यांना कळतं का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. एकदा पं. डी. के. दातारांची व्हायोलिनची रेकॉर्ड लागली होती. काका डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "केस ताजे होते." फ्रांस्वा तूर्त या माणसाबद्दल मात्र ते चुलत्याबद्दल बोलावं तसं बोलतात. तूर्त पॅरिसचा, 1747 साली जन्मलेला, आधी घड्याळजीचं काम शिकलेला. आजच्या बोचं रूप त्यानं पक्कं केलं आणि ब्राझीलच्या पर्नाम्बुको लाकडाची थोरवी ओळखली. "आणि हा तुमचा," माझी काठी बोटांवर तोलत काका म्हणाले होते, "पर्नाम्बुकोच्या शेजारी वाढलेला दिसतो."

यंदा मात्र मी ताठ मानेनं गेलो. बोला लावलेल्या घोड्याच्या केसांपैकी निम्मे सुटून लोंबत होते. म्हटलं, "काय करणार काका, रियाज जरा जास्त झाला."

काकांनी चष्मा कपाळावर चढवला, भिंग घेतलं आणि एक केस खिडकीशी धरला. बराच वेळ धरला.

"हे तुटलेले नाहीत. हे खाल्लेत."

"कुणी?"

"किड्यानं. गालिच्याला, लोकरीला लागतो तो. त्याची अळी केस खाते. तिला अंधार लागतो आणि शांतता लागते. रोज उघडणाऱ्या पेटीत ती राहत नाही." मग भिंग खाली ठेवून, अगदी मऊ आवाजात, "किती महिने?"

घोडं कुठं पेंड खातंय हे लोक शोधत बसतात. इथं घोड्यालाच कुणीतरी खाल्लं होतं, आणि त्याचा पुरावा घेऊन मी स्वतः दोन जिने चढून आलो होतो. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. मी खरं सांगितलं. सात.

काका रागावले नाहीत, कामाला लागले. घोड्याच्या शेपटीच्या पांढऱ्या केसांची जुडी काढली. दीडशे ते दोनशे केस लागतात, पण ते मोजत नाहीत, चिमटीत अंदाज घेतात. टोक दोऱ्यानं आवळलं, रोझिनच्या, म्हणजे राळेच्या, भुकटीत बुडवून क्षणभर ज्योतीवर धरलं. टोकं फुगली, आता दोरा निसटत नाही. ती गाठ बोच्या टोकाच्या खाचेत बसवून वर लाकडाची इवलीशी पाचर. डिंकाचा थेंब नाही, पाचर नुसत्या मापावर बसते. पूर्वी कुणी डिंक लावून ठेवलेला बो आला, तर काका त्या दिवशी जेवत नाहीत म्हणतात. मग ओल्या केसांतून फणी. शाळेत निघालेल्या मुलीचे विंचरावेत तसे, फक्त कुणी ओरडत नव्हतं. एकही केस दुसऱ्यावरून गेलेला चालत नाही. शेवटी दुसरं टोक बांधताना त्यांनी खिडकीबाहेर आभाळाकडे पाहिलं. दमट हवेत केस लांबतात, कोरड्या हवेत आखडतात. जुलैत बेतलेली लांबी जानेवारीत काठी वाकवू शकते.

बो हातात आला. मी ऐटीत सा ओढला. आवाजच नाही. पुन्हा ओढला. नाही.

"नव्या केसाला रोझिन कोण लावणार?" काका म्हणाले. "केस वाजत नसतो. रोझिन तारेला पकडते, सोडते, पकडते, तेव्हा वाजतं."

निघताना त्यांनी बजावलं: वाजवून झालं की बो सैल करायचा, रिकामी पेटी झाडून उन्हात ठेवायची, आणि रोज उघडायची.

मी पेटी रोज उघडतो. दहा मिनिटं उजेड दाखवतो आणि बंद करतो. किडा पुन्हा लागलेला नाही. बोही सैलच आहे, काकांनी दिला तेव्हापासून.