होकारांचं उदंड पीक

कुणाच्या लेकीला तोंडावर ‘नाही’ म्हणणारा माणूस बालाघाटात अजून जन्माला यायचाय. माझी भाची बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला आहे. धंद्याची एखादी कल्पना काढा आणि त्यात पैसा घालण्याआधी गिऱ्हाइकांना भेटून ती पारखा, असा प्रकल्प कॉलेजनं दिला. भाचीनं चिन्नोर धरला. जिल्ह्याचा मानाचा तांदूळ, २०२१मध्ये जीआय मानांकन मिळालेला. पीक उशिरा हाती येतं, उतारा कमी, पण शिजायला लागला की शेजाऱ्यांना निमंत्रण पाठवावं लागत नाही. तो एक-एक किलोच्या देखण्या कापडी पिशव्यांतून शहरात घरपोच द्यायचा, अशी कल्पना.

वही घेऊन ती निघाली, सोबतीला मी. काली पुतली चौकापासून सुरुवात केली. मुलाखत घ्यायची म्हणून गेलो खऱ्या, पण प्रत्येक घरी आधी तिचीच मुलाखत झाली. कोणाची तू? गाव कोणतं? वारासिवनीचे ते तुझे कोण? पुढे काय करायचं ठरवलंय, म्हणजे लग्नाचं काय, हे शेवटी. मग चहा. मग कुठे तिचा प्रश्न, “काकू, असा तांदूळ घरपोच मिळाला तर घ्याल का?”

“हाव न बाप्पा! काहून नाही घेणार?”

सगळ्या घरांतून हेच उत्तर. एका आजोबांनी तर ‘लई मोठी होशील पोरी’ म्हणून डोक्यावर हात ठेवला. भाचीनं तोही वहीत होकार म्हणून मांडला. होकारांचं असं उदंड पीक आलं की, दुपारीच ती पिशव्यांचं कापड बघायला निघाली होती.

रॉब फिट्झपॅट्रिक नावाच्या गृहस्थानं २०१३ साली अशा मायेच्या होकारांवर एक पुस्तकच लिहिलं, ‘द मॉम टेस्ट’. आपली कल्पना चांगली आहे का, हे आईला विचारू नये, कारण ती मायेपोटी खोटं बोलणार. विचारायचंच तर तिनं आजवर काय केलं, कुठे पैसे खर्चले, ते विचारावं, हे त्याचं सांगणं. बिचाऱ्याच्या डोळ्यांसमोर एकच आई होती. आमच्याकडे अख्खा मोहल्ला आई असतो.

या बाबतीत लक्ष्मणराव किर्लोस्कर नशीबवान म्हणायचे. त्यांनी लोखंडी नांगर केला, तेव्हा लोखंडानं जमिनीला विष चढतं म्हणून शेतकऱ्यांनी तो साफ नाकारला. पहिला नांगर खपायला दोन वर्षं लागली असं सांगतात. पण नकार मिळाला म्हणून अडचण कुठे आहे ते तरी कळलं, आणि भीती घालवायची हे कामही समोर आलं. आमच्या भाचीला ‘लोखंडानं विष चढतं’ एवढंसुद्धा कुणी म्हणालं नाही. तिच्या वाट्याला नुसते आशीर्वाद आले, आणि आशीर्वादावर कापड उधार मिळत नाही.

म्हणून दुसऱ्या फेरीत प्रश्न बदलला. पुढे काय कराल, हे विचारायचंच नाही. ‘मागच्या वेळी चिन्नोर कुठून आणला?’ एवढंच.

पहिल्याच काकू हसत सुटल्या. “आणला? घरात चला.” आतल्या खोलीत पत्र्याची कोठी होती. त्यांनी झाकण काढलं, वरचा कडुनिंबाचा पाला बाजूला सारला आणि मूठभर दाणे भाचीच्या हातावर ठेवले. बारीक दाणा, मंद वास. “लालबर्‍याला भासऱ्याची शेती हाय. विकत कशाला घेऊ वं?” सकाळी ‘काहून नाही घेणार’ म्हणणाऱ्या याच त्या काकू. पुढच्या घरी मामाचं शेत निघालं, त्याच्या पुढच्या घरी जावयाचं. ज्या गावात अर्ध्या घरांना तांदूळ नात्यातून येतो, तिथे तो पिशवीतून विकायला निघणं धाडसाचंच होतं.

भाचीचा चेहरा पडला. पण प्रश्न चांगला असला की उत्तर आपल्या पायानं चालत येतं. कोठीचं झाकण लावता लावता काकू म्हणाल्या, “आमचं काही अडत नाही. पुण्याच्या पोराचं अडते.” दिवाळीनंतर पोरगा गोंदियाहून महाराष्ट्र एक्स्प्रेसनं परत निघाला, तेव्हा त्यांनी पाच किलो बांधून दिला होता. ओझं नको म्हणून त्यानं तो गुपचूप पलंगाखाली सारला. मग काकूंनी तोच तांदूळ कुरिअरनं पाठवला. तांदूळ घरचा, भाडं मात्र रोख. ते किती झालं हे त्यांना रुपयापर्यंत पाठ होतं, आणि सांगताना आवाज चढला होता.

भाचीनं वहीचं नवीन पान उघडलं. पुणे, नागपूर, बंगळुरू, जिथे जिथे बालाघाटची पोरं नोकरीला आहेत, तिथे आईच्या कोठीतला तांदूळ कमी भाड्यात पोचवायचा. तिनं जागच्या जागी विचारलं, “काकू, सगळ्यांचे डबे एकत्र पाठवले आणि भाडं निम्मं केलं, तर आगाऊ पैसे द्याल?”

या वेळी ‘हाव’ आलं नाही. काकूंनी पदर खोचला. निम्मं म्हणजे किती? पाच किलोला तेवढं, तर दहाला काय? पिशवी फाटली तर भरपाई कोण देणार? सोबत लोणच्याची बरणी चालेल का? आणि पैसे आधी कशाला, माल पोचल्यावर का नाही? घासाघीस चांगली रंगली. चहाही कुणी विचारला नाही.

भाची खुशीत होती. सकाळचा होकार तिच्यासाठी होता, आताची कटकट तिच्या धंद्यासाठी. लाडाच्या पोरीला माणूस भाव विचारत नाही. तो विचारतो ज्याच्याकडून खरंच काही घ्यायचं असतं त्याला.