मागच्या सीटवरची मामी

३ जून २०२२ च्या सकाळी सुरू झालेलं डांबर ७ जूनच्या संध्याकाळी थांबलं आणि अमरावती-अकोला रस्ता गिनीज बुकात जाऊन बसला. लोणी ते माना, ७५ किलोमीटरची सलग लेन, १०५ तास ३३ मिनिटांत. ही लेन एकपदरी मोजलेली. दुपदरी हिशेब केला तर साडेसदतीस किलोमीटर भरतात. पण विक्रमात असं खोदून विचारायचं नसतं. आधीचा मान कतारचा होता. दोह्यात २५ किलोमीटरला दहा दिवस लागले होते. ज्या वऱ्हाडात एका नालीचं काम दोन निवडणुका पुरतं, त्यानं तेलवाल्या कतारला डांबरात हरवलं. छाती फुगायलाच पाहिजे.

गिनीजवाल्यांनी लांबी मोजली, तास मोजले. मामीची कंबर मोजायची राहिली.

ही मामी तुमच्याही घरी आहे. लग्न बडनेऱ्याला असो की साक्षगंध मूर्तिजापूरला, ती गाडीत मागे, मधोमध बसते. डाव्या मांडीवर आहेराची पिशवी, उजव्या मांडीवर दुसऱ्याचं पोरगं, पायाखाली मधला उंचवटा. समोर मामाजी स्टेअरिंगवर आणि शेजारी जावईबापू. दोघं मिळून निकाल देतात, ‘‘रोड एक नंबर हाये, पोटातलं पानी हालत नाही.’’ मागून आवाज येतो, ‘‘पानी नसन हालत, पन माह्या कमरेचे मनके हालून राह्यले ना!’’ यावर मामाजी काच वर करतात आणि गाण्याचा आवाज वाढवतात.

छोट्या गाडीचा सगळा कारभार असा पुढच्या सीटवरून चालतो. शोरूममध्ये जाऊन पाहा. पहिला प्रश्न, अ‍ॅव्हरेज किती देते? दुसरा, डाउन पेमेंट किती? तिसरा, पांढरा रंग कधी मिळेल? मग चक्कर मारायची तीही एकट्यानं, पंचवटी चौकापर्यंत, शेजारी कंपनीचा पोरगा घेऊन. मागे बसून गाडी घेणारा माणूस वऱ्हाडात अजून जन्माला यायचा आहे.

यात गाडीचा तरी काय दोष? अशी गाडी रिकामी असते साधारण साडेसातशे किलोची. तिच्यात पाच वऱ्हाडी माणसं बसली, जेवून बसली, की साडेतीनशे किलो वाढले. स्वतःच्या वजनाच्या निम्म्याला पोचले. पावणेदोन टनांच्या मोठ्या गाडीला तेच पाच जण म्हणजे पाचवा हिस्सा. म्हणून छोट्या गाडीच्या स्प्रिंगा कडक ठेवाव्या लागतात, नाहीतर भरल्या गाडीचं बूड रस्त्याला टेकेल. परिणाम असा की गाडी एकट्याला उडवते आणि पाचांना आपटते. त्यात पुढच्या आणि मागच्या चाकांत अंतर थोडं, म्हणून गाडी पुढे-मागे डुलते. मागचा बाक जवळपास चाकांवरच येतो, तेव्हा डुलण्याचा मुख्य वाटा मामीचा.

आपल्याकडच्या छोट्या गाडीचा वंशही मुळात जपानी. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली ती सुझुकीच्या छोट्या गाडीवरून बेतलेली. जपानमधल्या अरुंद, गुळगुळीत गल्ल्यांसाठी आखलेलं ते शरीर. पूर्णेच्या खोऱ्यातली काळी माती त्यांना कोणी दाखवली होती? ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्यावरचा रस्ता हळूहळू लाटा धरतो. हायवे सोडून खारपाणपट्ट्यातल्या गावाकडे वळा, रस्ता पाठीशी वऱ्हाडीत बोलू लागतो.

मग येतो स्पीडब्रेकर. इंडियन रोड्स काँग्रेसच्या पुस्तकात त्याची रुंदी ३.७ मीटर आणि उंची १० सेंटीमीटर लिहिली आहे. आपल्या गावचा स्पीडब्रेकर सरपंचाच्या मनात लिहिलेला असतो. एखाद्या पोराला गाडीचा धक्का लागला की दुसऱ्या दिवशी उरलेलं डांबर आडवं ओतलं, झालं. उंची भरपूर, रुंदी हातभर. पाच माणसांची गाडी त्यावरून गेली की खाली चेंबर लागतो आणि वर डोकं. मामाजी म्हणतात, ‘‘उतरा जरा दोघं-तिघं.’’ उतरतं कोण? मागचे!

यावर उपाय आमच्या मामाजींनी शोधले आहेतच. पहिला उपाय पेट्रोल पंपावर. दाराच्या खांबावर कंपनीनं टायरच्या हवेचा आकडा चिकटवलेला असतो, तीसच्या आसपास. तो वाचणं म्हणजे कमीपणा. ‘‘चाळीस मार, अ‍ॅव्हरेज देते.’’ टायर दगड झाले, लिटरमागे थेंबभर वाचला, आणि उरलासुरला मऊपणा गेला.

दुसरा उपाय सीटकव्हरचा. सीटच्या आतला फोम कंपनीनं काटकसरीनं घातलेला, बैठक इतकी आखूड की मांडीचा अर्धा भाग अधांतरी. त्यावर टॉवर चौकाकडून आणलेलं चकाकतं रेक्झिन चढवायचं. मे महिन्यात अकोला ४५ अंशांवर जातं तेव्हा त्या रेक्झिनवर नऊवारी नेसलेली बाईसुद्धा ‘‘आई गं’’ म्हणून उठते, आणि ब्रेक मारला की घसरून पुढे येते. आणि हे कापसाच्या मुलखात! जिथं दिवाळीनंतर घराघरात कापसाची गंजी लागते, जिनिंगच्या बाहेर गाड्यांच्या रांगा लागतात, तिथल्या माणसाच्या बुडाखाली मात्र दोन बोटं फोम. आमचे आजोबा बंडीत कुटार पसरायचे, वर गोधडी टाकायचे, आणि आजीला विचारायचे, ‘‘बसता येते का नीट?’’ बैल हळू चालायचे हा भाग वेगळा, पण विचारायचे.

१० जानेवारी २००८ ला एक लाखाची नॅनो दिल्लीत दाखवली गेली, तेव्हा स्कूटरवर भिजत जाणारं चौघांचं कुटुंब रतन टाटांच्या डोळ्यांसमोर होतं. २०१८ मध्ये तिचं उत्पादन बंद पडलं. लोकांना स्वस्त गाडी नको होती, असं जाणकार सांगतात. स्वस्त दिसणारी नको होती. दिसणं बाहेरून असतं, बसणं आतून. पैसे आपण बाहेरच्यासाठी मोजतो.

तेव्हा दसऱ्याला गाडी बुक करणाऱ्यांना एक विनंती. शोरूमला जाताना मामीला सोबत न्या. मागच्या बाकावर मधोमध बसवा, दोन्ही बाजूंना दोन धट्टेकट्टे भाचे बसवा, हवा कंपनीनं सांगितली तेवढीच ठेवा, आणि गावातल्या सरपंची स्पीडब्रेकरावरून दोनदा न्या. परत आल्यावर सेल्समनला बोलू देऊ नका. मामी काय म्हणते ते ऐका आणि मगच चेक फाडा.