सागवानी शोक

जालना जिल्ह्यातील एखाद्या बाजारपेठेत दोर, ताडपत्र्या, कंदील, गमबूट आणि घोंगड्या विकणारे जुने दुकान पाडायला जेसीबी आला की त्याच्यामागोमाग शोककर्त्यांचा एक वर्गही येतो. स्मरणरंजन, म्हणजे गेलेल्या काळाच्या गोड आठवणी चघळण्याची वृत्ती, हे या वर्गाचे अधिष्ठान होय. मात्र दुकान उघडे असेपर्यंत या वृत्तीला कधी पान्हा फुटत नाही.

या शोकाचा विषय मालक नसतो, मालही नसतो. तो असतो दर्शनी भागाची सागवानी चौकट. प्रथम चौकटीसह छायाचित्र निघते, मग तिच्या पितळी कड्यांविषयी हळहळ व्यक्त होते आणि त्यानंतर आवाज किंचित खाली आणून तिचा भाव विचारला जातो. शेतात बांधलेल्या, ‘वाडा संस्कृती’ जपणाऱ्या नव्या बंगल्याला ती शोभणार असते. गणेशपट्टीचा, म्हणजे चौकटीच्या माथ्यावरील गणपती कोरलेल्या आडव्या फळीचा, भाव वेगळा ठरतो आणि उंबरठ्याचा वेगळा. चार गिऱ्हाइके जमली की शोकसभेचा लिलाव होतो, आणि ज्याचा हुंदका सर्वांत मोठा, त्याचीच घासाघीस सर्वांत चिवट, असा या व्यवहाराचा नियम दिसतो.

याच चौकटीच्या आत पोळ्याच्या आधी कासरे, म्हणजे बैल हाकताना हाती धरायचे दोर, आणि वेसणी, म्हणजे त्यांच्या नाकातून ओवायच्या दोऱ्या, टांगलेल्या असत. दोन्ही हात पसरून होणाऱ्या अंतराला वाव म्हणतात. दुकानदार त्या मापाने दोर मोजून देई आणि वर वीतभर सोडे. बैल गेले, ट्रॅक्टर आले, म्हणून शेतकऱ्याने कासरा घेणे थांबवले; त्यात त्याचा दोष नाही. परंतु ज्यांनी तंबू, रेनकोट आणि बॅटरी मोबाइलवरून मागवली, या दुकानात केवळ भाव काढण्यापुरते पाऊल ठेवले आणि आता ‘आपला वारसा गेला’ म्हणून टाहो फोडला, त्यांच्या निर्लज्जपणाला कोणत्या मापाने मोजावे? कायदाही त्यांच्या मदतीला येत नाही. 1958 च्या केंद्रीय कायद्यानुसार प्राचीन स्मारकाला किमान 100 वर्षांचे वय आणि ऐतिहासिक, पुरातत्त्वीय किंवा कलात्मक महत्त्व लागते, आणि दोराच्या दुकानाचे महत्त्व या तिन्हींत बसवणे कठीण असते. छताचे लोखंडी गर्डर मात्र गळा न काढता मार्गी लागतात. जालन्यात भंगारापासून सळया तयार करणारे कारखाने आहेत. तेथील इंडक्शन भट्टीत, म्हणजे विजेच्या साहाय्याने धातू वितळवणाऱ्या भट्टीत, गेलेले लोखंड सळई होऊन त्याच जागेवरील व्यापारी संकुलाच्या खांबात उभे राहू शकते. लोखंड निदान पुन्हा बाजाराच्या कामी येते. चौकट बंगल्यात जाते आणि तिच्यातून पुन्हा कोणी दोर घेऊन बाहेर पडत नाही.

ज्यांना खरोखर वाईट वाटते, त्यांनी शेजारच्या अजून उघड्या असलेल्या दुकानातून पावसाळ्यापूर्वी एक ताडपत्री घ्यावी, भाव पाडू नये आणि पैसे रोख द्यावेत.