आरसीवर रंग काळा

जुन्या मोटरसायकलला घरच्या घरी नटवणाऱ्यांचे दोन संप्रदाय आहेत. एक गाडीला काहीतरी लावणाऱ्यांचा, दुसरा गाडीचं काहीतरी काढणाऱ्यांचा. माझे वडील पहिल्या संप्रदायातले आणि भाचा दुसऱ्यातला. मी बँकवाला असल्यामुळे मला या दोघांच्या सौंदर्यदृष्टीत फक्त जमा आणि नावे दिसतं. खातं मात्र दोन्ही वेळा माझं.

वडिलांची राजदूत होती. १९७३ च्या ‘बॉबी’मध्ये ऋषी कपूर आणि डिंपल ज्या छोट्या चाकांच्या जीटीएसवरून हिंडतात, ती नव्हे, आमची साधी १७५, दूधवाल्यांची. वडिलांनी तिला लेगगार्ड लावलं, साडीगार्ड लावलं, उजवीकडे कुलपाची डिकी लावली. हँडलच्या मुठींना रंगीत झिरमिळ्या सोडल्या. मागच्या मडफ्लॅपवर ‘पुन्हा भेटू’ लिहून घेतलं. टाकीला रेक्झिनचं कव्हर शिवलं आणि ते खराब होऊ नये म्हणून त्यावर प्लॅस्टिकचं कव्हर घातलं. टाकीचा मूळ रंग कोणता, हे आम्हा भावंडांना गाडी विकली त्या दिवशी कळलं. मरून होता. फार छान होता, असं सगळ्यांचं मत पडलं.

माझी गाडी स्प्लेंडर, १९९९ ची. इंजिन ९७.२ सीसी, गिअर चार, चारही खाली. काळा रंग आणि त्यावर जांभळट-लाल पट्ट्यांचं स्टिकर. ही गाडी दिसते कशी, हा प्रश्न इतक्या वर्षांत आमच्या घरात कोणी काढला नव्हता. ती सुरू होते, एवढंच सगळ्यांना माहीत होतं. मग भाचा इंजिनिअरिंगला पुण्यात आला, आमच्याकडे राहायला लागला, आणि एका रविवारी पार्किंगमध्ये गाडीभोवती प्रदक्षिणा घालून म्हणाला, “मामा, हिची लाइन एकदम क्लीन आहे. फक्त कचरा काढायला पाहिजे.”

कचरा म्हणजे साडीगार्ड, लेगगार्ड, कॅरिअर, मागचं मडगार्ड, मागची अर्धी सीट आणि स्टिकर. एवढं गेलं की गाडीची कॅफे रेसर होते.

कॅफे रेसरचा इतिहास त्याने मला जेवताना सांगितला. १९६० च्या दशकात लंडनच्या नॉर्थ सर्क्युलर रोडवर एस कॅफेमध्ये मोटरसायकलवाली पोरं जमायची. ताशी शंभर मैल गाठायचं, म्हणजे आपले एकशे साठ किलोमीटर, हे त्यांचं ध्येय. त्यासाठी ती गाडीचं वजन उतरवायची, हँडल खाली घ्यायची, पाय मागे न्यायची आणि सीट एकट्यापुरती ठेवायची. हे खूळ इतकं वाढलं की रॉयल एन्फिल्डने १९६४ साली २५० सीसीची कॉन्टिनेन्टल जीटी कारखान्यातूनच तशी बनवून विकायला काढली. ऐकून मला त्या पोरांबद्दल आदर वाटला. पण आमची गाडी कात्रजच्या उताराला, पाठीशी वारा आणि मागे कोणी नसताना, पंच्याऐंशीला टेकते. शिवाय चहासाठी इतक्या जोरात जायची पुण्यात काही गरज नाही. अमृततुल्य कोपऱ्यावरच असतं.

“आणि मी बसायचं कुठे?” स्वयंपाकघरातून प्रश्न आला.

“मामी, सिंगल सीट होणार ना.”

“म्हणजे?”

“म्हणजे मामा एकटाच बसणार.”

“मामाला विचारलंस का, एकट्याने कुठे जायचंय ते?”

यावर मी वरणाची वाटी पुढे ओढली. इतिहास संपला होता, आता कायदा सुरू झाला. आमच्याकडे कायद्याचं खातं माझ्याकडे आहे, म्हणून मी दुसऱ्या दिवशी नियम वाचून आलो. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२३ वा नियम सांगतो की मोटरसायकलवर मागे बसणाऱ्यासाठी धरायला आधार हवा, पाय ठेवायला फूटरेस्ट हवा, आणि कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून मागच्या चाकाचा निदान निम्मा भाग झाकणारं संरक्षण हवं. म्हणजे साडीगार्ड. लंडनच्या पोरांना हा नियम लागू नव्हता, कारण त्यांच्या मागे एका बाजूला पाय सोडून, मांडीवर भाजीची पिशवी घेऊन कोणी बसत नव्हतं. आरसीवरही आसनक्षमता दोन लिहिलेली आहे.

“पण मामा, बघतं कोण?”

“मामी बघते.”

चासीला करवत लावायचा बेतही तिथेच बारगळला. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि जानेवारी २०१९ मधला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, दोन्ही मी त्याला समजावून सांगितले: कंपनीने नोंदवलेल्या मूळ बांधणीत फेरफार चालत नाही. राहिला रंग. भाच्याला ऑलिव्ह ग्रीन हवा होता, तो लष्करी गाड्यांचा मातकट हिरवा. पुन्हा नियम उघडला तर १२१ वा: ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण खात्याच्या वाहनांना. भाचा काही वेळ नुसता बसून राहिला. ज्या देशात लग्नाच्या घोड्यालाही वाटेल तसं नटवतात, तिथे एका रंगाला एवढा बंदोबस्त असेल अशी त्याची कल्पना नव्हती. दुसरा कुठलाही रंग घ्यायचा तर आरटीओत जाऊन आरसीवर नोंद बदलून घ्यायची. आरटीओ म्हटल्यावर त्याची कलात्मकता जरा निवली.

मग मीच तोड काढली. आरसीवर रंग काळा आहे. काळा चकचकीत की काळा मॅट, याबाबत सरकार गप्प आहे. ऑडिटमध्ये अशा गप्प बसलेल्या जागांवरच माणूस जगतो.

तेव्हा ठरलं ते असं. साडीगार्ड राहणार, सीट राहणार, मामी राहणार. कॅरिअर आणि लेगगार्ड जाणार. टाकी, साइड पॅनल आणि मडगार्ड मॅट काळे होणार. हँडल उलटं लावून खाली घ्यायचा प्रयोगही झाला. पूर्ण वळवलं की मूठ टाकीला टेकायची आणि अंगठा मध्ये सापडायचा, म्हणून ते संध्याकाळच्या आत पुन्हा सुलटं झालं.

नाना पेठेत दुचाकीचं काय मिळत नाही ते सांगता यायचं नाही. बंद पडलेल्या गाड्यांचे चालू भाग आणि चालू गाड्यांचे बंद भाग, दोन्ही एकाच गल्लीत मिळतात. भाच्याने तिथल्या दुकानात आठशे आणि हजार नंबरचा पाणी-पेपर मागितला. दुकानदाराने विचारलं, “काम काय?” टाकी घासायची म्हटल्यावर त्याने दोनशेवीसचा पुढे सरकवला. “आधी हा. मग चारशे, मग आठशे. रंग उतरवायला एकदम हजार घेतलात तर तुमची नातवंडं पूर्ण करतील.” सल्ला फुकट होता. पुट्टी, प्रायमर, मास्किंग टेप आणि स्प्रेचे डबे नव्हते.

टाकी घासणं हे काम करून बघण्यासारखं आहे, विशेषतः दुसऱ्याला करताना बघण्यासारखं. आधी सौ.च्या हेअर ड्रायरने स्टिकर गरम करून सोलून काढलं. त्याखाली १९९९ सालचा काळा रंग जसाच्या तसा, लखलखीत. बाजूचा सगळा उन्हाने विटलेला. म्हणजे स्टिकर गेलं तरी त्याची आकृती राहिलीच. मग बादलीत साबणाचं पाणी, त्यात भिजवलेला पेपर, आणि घासणं. काळं पाणी ओघळतं, मग राखाडी प्रायमर डोकावतो, मग एका जागी नाण्याएवढा पत्रा चमकतो. त्यावरून बोटं फिरवली की डोळ्यांना न दिसणारे खळगे बोटांना लागतात. रंगारी मंडळी म्हणूनच घासताना टाकीकडे बघत नाहीत, भलतीकडे बघत हात फिरवतात.

डावीकडे एक चांगला वाटीएवढा पोचा होता. भाच्याने पुट्टीत हार्डनर कालवला आणि पत्रीने ती ओढणार, एवढ्यात मामी बाहेर आली.

“तो नको बुजवूस.”

“का गं मामी?”

“तो भाऊजींनी पाडलेला आहे. गॅसचं सिलिंडर आणताना. अजून कबूल करत नाहीत. बुजवलास तर पुरावाच जाईल.”

पुट्टी दोन भाग मिसळल्यावर थांबत नाही, ती पाच-सात मिनिटांत दगड होते, हे तिला सांगूनही उपयोग झाला नाही. शेवटी पोच्याचा फोटो तारखेसह काढून घेतला आणि मगच बुजवायची परवानगी मिळाली.

श्रावणात स्प्रे मारू नये असं कुठल्या व्रतात सांगितलेलं नाही, पण सांगायला हवं होतं. दमट हवेत थिनर भराभर उडतो, पत्रा गार पडतो, हवेतली वाफ ओल्या रंगावर बसते आणि काळ्याचा राखुंडी पांढुरका होतो. आमचा पहिला हात असाच गेला. तोवर पार्किंगमध्ये सोसायटीच्या गणपतीचा मांडव पडला आणि थिनरच्या वासाबद्दल सेक्रेटरींनी बोर्डावर सूचना लावली. मग टाकी गॅलरीत आली. तिथे कपडे वाळत घालायच्या दांडीला, एका बाजूला माझा बनियन आणि दुसऱ्या बाजूला उशांचे अभ्रे, मध्ये तारेने टांगलेली टाकी, असा देखावा गणपतीच्या देखाव्याआधी तयार झाला. समोरच्या इमारतीतल्या आजोबांनी विचारलं, “काय हो, टाकी वाळत घातलीत?” मी म्हटलं, “हो, इस्त्रीला द्यायचीय.”

स्प्रेची विद्या सोपी आहे, फक्त ती धीर नसलेल्या वयात शिकावीशी वाटते. आतली गोळी मोकळी खुळखुळेपर्यंत डबा हलवायचा. नोझल टाकीपासून वीतभर लांब ठेवायचं. दाबायचं टाकीच्या बाहेर, तसंच सरळ टाकीवरून न्यायचं आणि पलीकडे जाऊन सोडायचं. पहिला हात इतका पातळ की खालचा प्रायमर दिसला पाहिजे. भाच्याला हे पटत नव्हतं. दिसतंय म्हणजे झाकलं पाहिजे, या घाईने त्याने एकाच जागी दोनदा दाबलं आणि रंगाचा ओघळ सावकाश खाली निघाला. आम्ही तिघंही तो थांबायची वाट बघत उभे राहिलो. ओल्या ओघळाला बोट लावायचं नसतं. वाळू द्यायचा, आठशेने उतरवायचा आणि पुन्हा पातळ हात मारायचा.

एवढं करून डब्यातला साधा रंग पेट्रोलला टिकत नाही. पंपावरच्या पोराने नळी काढताना एक थेंब सांडला की रंग मऊ पडून सुरकुततो, आणि तो थेंब सांडतोच. म्हणून वरून हार्डनरवालं मॅट क्लिअर लागतं. त्याचा फवारा छातीत जाऊ द्यायचा नसतो, तेव्हा हे काम साध्या रुमालाने भागवण्यातलं नव्हे. टाकी एका गॅरेजवाल्या पेंटरकडे नेली. त्याने ती उजेडात फिरवून पाहिली. “घरी केलंय ना?” भाच्याने विचारलं, “कसं ओळखलंत?” “अभ्र्याचा धागा चिकटलाय.”

बाकी किरकोळ. सायलेन्सरच्या क्रोमवरचा गंज पोळ्यांच्या डब्यातला फॉइल पाण्यात भिजवून घासला की निघतो. आमच्या घरात फॉइल आता कुलपात असतो. इंडिकेटर एलईडीचे लावले तर जुन्या फ्लॅशरला एवढा कमी भार सोसेना, आणि ते वळायच्या आत दमल्यागत फडफडायला लागले. फ्लॅशरही नवा घ्यावा लागला. फटाका सायलेन्सरचं भाच्याने नाव काढलं, तेव्हा मी त्याला पोलीस जप्त सायलेन्सरांवर रोडरोलर फिरवतात तो व्हिडिओ दाखवला. आणि नंबर प्लेटवर तर कोणाचीच कला चालत नाही. पूर्वी ४१४१ चा ‘दादा’ करून मिरवणारे होते. आता एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांनाही ती उच्च सुरक्षा पाटी लावावी लागते.

नवरात्रात गाडी जोडून झाली. दिसत होती खरंच बरी. काळी, कोरी, एक अक्षर नाही, एक रेघ नाही. भाच्याने तिचे इतके फोटो काढले की माझ्या लग्नात तेवढे निघाले नव्हते.

दसऱ्याला सकाळी मामी ताम्हण घेऊन खाली गेली. झेंडूचा हार हँडलला, नारळ चाकापाशी, आणि ओल्या हळद-कुंकवाने टाकीच्या मधोमध बोटाने ठसठशीत स्वस्तिक. भाचा जिन्यावरून ओरडत आला. मॅट रंगावर डाग पडला तर तो पॉलिश करून काढता येत नाही, कारण घासलं की मॅटचा चकचकीत होतो, वगैरे. “एवढंच ना,” म्हणून ती वर गेली, भांडी घासायची पावडर आणि ओलं फडकं घेऊन आली, आणि जिथे जिथे बोट फिरलं होतं तिथे तिथे नेमकं घासून दिलं. डाग गेला. काळ्या मॅटवर काळं चकचकीत स्वस्तिक कायमचं उमटलं. एका बाजूने पाहिलं तर दिसत नाही, उन्हात वळली की उठून दिसतं.

दोन दिवस भाचा कोणाशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी कॉलेजमधून त्याचे मित्र आले. टाकीभोवती वाकून वाकून बघत होते. काळ्यावर काळं, हे काम कुठे केलं, स्टेन्सिल कोणाची, खर्च किती, अशी विचारपूस चालली होती. भाचा हाताची घडी घालून म्हणाला, “घरचंच आहे. कस्टम.”

त्यातला एक पल्सरवाला जरा लाजत मामीकडे आला. “काकू, माझ्या टाकीवर पण एक काढून द्याल?”

मामीने त्याच्या गाडीच्या मागच्या चाकाकडे पाहिलं.

“साडीगार्ड कुठंय तुझं?”