मीठपाण्याचे एमडी

गावात कुणाच्या पोटात फवारणीचं औषध गेलं, की पाच मिनिटांत वीस डॉक्टर जमतात. एक म्हणतो मिठाचं पाणी पाजा, दुसरा म्हणतो दूध, तिसरा घशात बोटं घालायला बाह्या सरसावतो. पडलेला माणूस श्वास घेतोय का, हे बघायला एकविसावा यावा लागतो.

तो येत नाही.

ऑरगॅनोफॉस्फेट गटातली कीटकनाशकं जीव कसा घेतात? तोंडाला फेस, छातीत घरघर. फुप्फुसं स्रावाने भरतात, श्वासाचे स्नायू लुळे पडतात. माणूस कोरड्या जमिनीवर बुडत असतो. बुडणाऱ्याला आपण काय देतो? तांब्याभर पाणी!

शुद्ध हरपत चाललेल्याला ओकायला लावलं, की ती ओकारी श्वासनलिकेत शिरायला मोकळी. त्यात बऱ्याच कीटकनाशकांत पेट्रोलियम जातीचं द्रावक. ते फुप्फुसात गेलं की न्यूमोनिया वेगळाच. घरच्यांना समाधान मात्र पुरेपूर: ‘आम्ही सगळं बाहेर काढलं होतं हो!’

मग जीप. मागच्या सीटवर रुग्ण उताणा, डोकं मामांच्या मांडीवर, हनुवटी छातीला टेकलेली, जीभ घशात मागे पडलेली. चौघं तळपाय चोळतायत. जीपमध्ये हवा भरपूर, त्याच्या घशात शिरायला जागा नाही.

कुशीवर वळवायला पैसे पडतात का?

डावी कूस, हनुवटी वर, तोंड किंचित खाली. फेस कापडाने पुसायचा. आपल्या हाताला प्लास्टिकची पिशवी. यात यंत्र नाही, टेंडर नाही, उद्‌घाटनाची फीत नाही. मग प्रचार कोण करणार?

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना शेतकरी-मजुरांचे जीव गेले. विष कातडीतून आणि श्वासातून शिरलं होतं. अशा वेळी भिजलेले कपडे उतरवून अंग साबणाने धुवायचं असतं. ओकारी काढून काय निघणार? सकाळची भाकरी?

सापाच्या विषाचंही तेच. मण्यार चावल्यावर आधी पापण्या मिटू लागतात, मग श्वास थांबतो. कुणी अंबू बॅग, म्हणजे हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी, दाबत श्वास चालू ठेवला, तर असा माणूस दवाखान्यापर्यंत टिकू शकतो. पण वाटेत मांत्रिकाचं घर लागतं ना!

कोपनहेगनच्या डॉक्टरांनी १९४०च्या दशकातच झोपेच्या गोळ्या जास्त घेतलेल्या रुग्णांना उत्तेजक औषधं टोचणं सोडलं. श्वासमार्ग मोकळा ठेवा, ऑक्सिजन द्या, रक्तदाब सांभाळा, एवढंच धरून बसले. मृत्यू झपाट्याने घटले. आपल्या पारावर ही बातमी अजून निघायची आहे.

राज्यात २०१४ पासून १०८ रुग्णवाहिका सेवा आहे. सुरुवातीला योजनेत ९३७ गाड्या होत्या, पैकी व्हेंटिलेटरवाल्या २३३. तालुके किती, रस्ते कसे, हिशेब तुम्हीच करा. सरकारला धारेवर धराच. पण पहिला फोन सरपंचाला, दुसरा जीपवाल्याला आणि तिसरा मुंबईच्या काकांना लावणारे कोण? तेही सरकारच का?

तेव्हा फोन आधी १०८ला. गाडी येईपर्यंत पाजणं बंद, माणूस कुशीवर, नजर त्याच्या छातीवर. आणि औषधाची बाटली उकिरड्यावर फेकू नका, पिशवीत घालून सोबत न्या. विषाचं नाव आणि उतारा, दोन्ही तिच्या लेबलावर छापलेली असतात.