आजोबांची शेगडी, नातवाचा भाव

अमेरिकेत आजोबांचं घर रिकामं करताना जुना गॅस हीटर हाती लागला, की नातवाला वारसाप्रेमाचं भरतं येतं. त्यात तो पेनसिल्व्हेनियातल्या मर्सर गावच्या ‘रेझनर’ कंपनीचा निघाला तर विचारूच नका. बिडाचे नक्षीदार पाय, ज्योतींची ऊब खोलीत परतवणारा तांब्याचा पत्रा! जुन्या वस्तूंचं मोल सांगणारा ‘अँटिक्स रोडशो’ १९९७ पासून तिथल्या टीव्हीवर चालू असल्यामुळे माळ्यावर खजिनाच असतो, हे घरोघरी पाठ आहे.

मग भावाचा शोध. नातू बघतो विकणाऱ्यांनी लावलेल्या किमती. प्रत्यक्षात कितीला गेला, ते बघायला मन धजत नाही. गॅसफिटर वाकून बघतो. अशा कित्येक हीटरना धुराडंच नसे; ऊब आणि कार्बन मोनॉक्साइड दोन्ही खोलीतच. काहींत ॲस्बेस्टॉसही. त्याच्या लेखी किंमत शून्य, वर उचलून न्यायची मजुरी वेगळी.

जुन्या वस्तूंचा व्यापारी मात्र खुलतो. बर्नर काढायचा, तांबं घासायचं, आत पिवळा बल्ब लावायचा. शेगडी कायमची थंड झाली, की भाव गरम. भंगारवाला तेवढा सरळ माणूस: त्याला कंपनी, साल, आजोबा काही नको, बीड वेगळं, तांबं वेगळं, काटा समोर.