मोहीमप्रमुख

प्रत्येक सोसायटीत एक मोहीमप्रमुख असतो. त्याची नेमणूक कोणी केलेली नसते, त्यामुळे त्याला काढताही येत नाही. "रविवारी जरा टेकडीवर जाऊन येऊ या का?" असं लिफ्टची वाट बघताना कोणीतरी सहज बोलून जातं. लिफ्ट येईपर्यंत बोलणारा ते विसरलेलाही असतो. पण शब्द मोहीमप्रमुखाच्या कानावर पडलेले असतात. रात्री व्हॉट्सॲपवर 'वेताळ टेकडी : पूर्वतयारी' असा ग्रुप उगवतो.

आमच्याकडे हे पद अण्णांकडे आहे. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यापासून त्यांच्या हाताखाली माणसं उरली नाहीत, हे त्यांचं खरं दुखणं.

आता, टेकडीवरच्या एआरएआय संस्थेच्या फाटकापर्यंत गाडी जाते. तिथून वेताळाच्या देवळापर्यंत रमतगमत गेलं तरी अर्धा तास पुरे, आणि वाटेत चढ म्हणावा असा चढ नाही. अण्णा मात्र "आपण 2,600 फुटांवर जाणार आहोत" असं सांगतात. ते खोटं नाही. फक्त पुणं मुळातच साधारण साडेअठराशे फुटांवर वसलंय आणि उरलेल्यातले बरेचसे फूट मोटारीच चढणार आहेत, एवढा तपशील ते गाळतात.

शुक्रवारी पार्किंगमध्ये बैठक होते. चतुःशृंगीकडून जायचं, पंचवटीतून, लॉ कॉलेजच्या अंगाने की कोथरूडकडून? अण्णांनी वहीत रकाने आखलेले असतात : सावली, चढ, पार्किंग, माघारीचा मार्ग. तासभर खल होऊन जिथे गाडी जाते तिथूनच जायचं ठरतं.

"पानिपत कशाने झालं?" अण्णा मध्येच विचारतात. उत्तर त्यांनाच द्यायचं असतं. "बुणगे! लढणारे थोडे आणि लटांबर फार." हे बोलताना त्यांची नजर दुसऱ्या मजल्यावरच्या, कडेवर मूल घेतलेल्या सुनबाईंवर स्थिरावते.

"काका, मी नाही आले तरी चालेल."

"तसं नाही हो. तुम्ही मधल्या फळीत."

सॅक हा वेगळाच अध्याय. तीत क्रेप बँडेज, शिटी, इलेक्ट्रॉलची पाकिटं, टॉर्च, टॉर्चचे जादा सेल, नायलॉनची दोरी (कोणाला बांधायला, हे विचारायचं धाडस कोणी केलं नाही), भर माघात पावसाळी टोपी आणि प्रत्येकाच्या आधार कार्डाची झेरॉक्स. "ओळख पटवायची वेळ आली तर," असं अण्णा शांतपणे सांगतात आणि बैठकीत जरा वेळ कोणी बोलत नाही.

काकू, म्हणजे अण्णांच्या सौभाग्यवती, रोज पहाटे वेताळापर्यंत जाऊन येतात. साडीवर स्वेटर, पायात कॅनव्हासचे बूट, कुत्र्यांसाठी हातात काठी. दूध यायच्या आत घरी परत. अण्णांच्या लेखी ते नुसतं चालणं, मोहीम नव्हे. एवढी माहितगार व्यक्ती घरात असताना तिला काही विचारावं असं बैठकीत कोणालाही सुचलं नाही, आणि काकूंनीही आपण होऊन सल्ला देण्याचा वेडेपणा केला नाही.

रविवारी सव्वापाचची वेळ दिलेली. अण्णांच्या शिटीने आधी वॉचमन उठला, मग समोरची सोसायटी, सगळ्यात शेवटी आम्ही. निघायला सात वाजले. पण खरं सांगायचं तर अण्णा नसते तर सातलाही कोणी निघालं नसतं. 'जाऊ या का' म्हणणारे कधीच जात नाहीत. त्यांना न्यायला अण्णांसारखा कोणीतरी लागतो.

वरती गिरिपुष्प फुललं होतं. वनखात्याने लावलेलं हे परदेशी झाड अभ्यासकांना फारसं आवडत नाही, पण पानं झडलेल्या काटक्यांना तो फिकट गुलाबी फुलोरा लगडला की वाद घालावासा वाटत नाही. पुढच्या वळणावर मोर आडवा आला. सगळे थबकले. अण्णांनी घड्याळ पाहिलं. "दोन मिनिटं गेली," ते म्हणाले.

तेवढ्यात चपला घातलेल्या दोन आजी गप्पा मारत मागून आल्या आणि सहज पुढे निघून गेल्या. जाता जाता एकीने अण्णांच्या सॅककडे बघून विचारलं, "काय हो, मुक्कामाला का?"

देवळापाशी पोचल्यावर अण्णा कष्टी दिसले. कोणी घसरलं नव्हतं, कोणाला चक्कर आली नव्हती, वाट चुकायला तर जागाच नव्हती. अखेर एका पोराला नवा बूट चावल्याचं कळलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर तेज आलं. त्याला खाली बसवून टाचेपासून गुडघ्यापर्यंत अख्खं क्रेप बँडेज गुंडाळण्यात आलं. त्यानंतर पोराला चालता येईना, म्हणून बापाने त्याला खांद्यावर घेतलं. "बघा, मी म्हणत होतो," अण्णा म्हणाले.

खाली मिसळ खाताना आढावा बैठक झाली. ती चालण्यापेक्षा लांबली. दुसरा पाव संपवून अण्णांनी पुढची मोहीम जाहीर केली : पर्वती. पायऱ्या 103. दोन तुकड्या करायच्या आणि पन्नासाव्या पायरीवर तळ.

"अहो," काकू म्हणाल्या, "आधी घरी जाऊन ती सॅक रिकामी करा. मागच्या मोहिमेतली केळी अजून तळाशी आहेत."